सूर्य मावळायच्या आतला लक्सा

गेल्या डिसेंबरातल्या एका रविवारी मीरा रोडच्या आमच्या फ्लॅटमध्ये मलेशियातल्या रस्त्यावरच्या खाण्याची पार्टी झाली. ती दुपारी साडेचारला सुरू झाली. सोबत कॉकटेल होती. पाहुणे तेरा-चौदा होते. त्यांतल्या दोघांनी हो म्हटलं, तरच भाईंदर पश्चिमेच्या एका खाऊबाजारातला कोपऱ्याचा गाळा माझ्या बायकोला मिळणार होता.

कॉकटेल पार्टी साडेचारला कोणी ठेवत नाही. आम्ही ठेवली ती त्या दोघांपैकी एकामुळे. खाऊबाजार दोन भागीदारांचा आहे. एका बाजूचे गाळे शाकाहारी. ते शेठ बघतात. दुसऱ्या बाजूचे मांसाहारी. ते नया नगरचे त्यांचे भागीदार बघतात. कोपऱ्याच्या गाळ्याला दोन्हीकडे तोंड आहे, म्हणून तिथे येणाऱ्याला दोघांचीही पसंती लागते. शेठ जैन आहेत. कांदा, लसूण, आलं, बटाटा, जमिनीखाली वाढणारा कुठलाही ओला कंद त्यांना चालत नाही, आणि सूर्य मावळल्यावर ते तोंडात पाणीसुद्धा घेत नाहीत. डिसेंबरात सूर्य सहाच्या सुमारास जातो.

बायको मूळची उत्तनजवळच्या चौक गावची, कोळ्याची मुलगी. लग्नाआधी तीन वर्षं ती मलेशियात, पिनांगमधल्या एका हॉटेलच्या किचनमध्ये होती. हॉटेलातलं जेवण फुकट असायचं. तरी सुट्टीच्या दिवशी ती बाहेर रस्त्यावर गाड्यांसमोर उभी राहून जेवायची, आणि खाताखाता गाडीवाल्यांचे हात बघायची. इकडे आल्यावर आधी दोन हॉटेलांत नोकरी केली, मग घरून डबे सुरू केले. गाळा मात्र मिळत नव्हता. एका ठिकाणी विचारलं गेलं, “मलेशियन म्हणजे चायनीजच ना?” दुसऱ्या ठिकाणी मालकाने तिची पूर्ण यादी ऐकून घेतली आणि म्हणाला, “छान. पण मोमो ठेवाल का?”

शेठ तसे नव्हते. त्यांनी फोनवर सांगितलं, “बेन, डबा पाठवा. चाखून सांगतो.”

तिने डबा पाठवायला नकार दिला. फोन ठेवल्यावर मी कारण विचारलं.

“डब्यातला लक्सा म्हणजे गार खीर,” ती म्हणाली. “ते खाणं गर्दीत खायचं असतं. धूर पाहिजे, आवाज पाहिजे, कुणीतरी कोपराने ढोसलं पाहिजे. रिकाम्या गाडीवर कोण खातं? त्यांना इथे बोलाव. आणि गर्दी जमव.”

गर्दी जमवायचं काम माझ्याकडे आलं. ते सोपं होतं. पार्टीत कॉकटेल आहेत एवढं सांगितल्यावर एकानेही नाही म्हटलं नाही. साडेचार ही वेळ ऐकून दोघांनी पुन्हा फोन करून खात्री केली.

कॉकटेलचा माणूस घरचाच होता. उत्तनचा एक कॅथलिक मित्र बरीच वर्षं जहाजावरच्या बारमध्ये काम करतो आणि त्या महिन्यात नाताळासाठी सुट्टीवर आला होता. त्याने गॅलरीतलं कपड्यांचं स्टँड हलवून तिथे टेबल मांडलं. बायकोने त्याला पिनांगच्या एका सरबताचं वर्णन केलं: लिंबाचा रस आणि त्यात मिठात सुकवलेलं एक आंबट फळ. ते फळ इथे मिळेना. त्याने आठवड्याच्या बाजारातून सुकी बोरं आणली, रात्रभर मिठाच्या पाण्यात टाकली आणि लिंबाच्या रसात जिनसोबत घोटली. हे पहिलं कॉकटेल. दुसऱ्यात रम, शहाळ्याचं पाणी आणि ताडगुळाचा पाक होता. वरून एक हिरवं पान, भाताला वास यावा म्हणून आपल्याकडे कुंडीत लावतात ते. न पिणाऱ्यांसाठी गुलाबाचं सरबत घातलेलं थंड दूध. मलेशियात हेच दूध लग्नात देतात, असं बायकोने सांगितलं. मित्र म्हणाला, “वहिनी, हे तर आपलं फालुद्याचं दूध. शेवया काढल्या की झालं मलेशियन.”

साट्यांचं चिकन भागीदारांसाठी हलाल हवं म्हणून नया नगरमधून आणलं. साटे म्हणजे काडीला लावून निखाऱ्यावर भाजलेले मांसाचे लहान तुकडे. त्याला हळद, धणे, गवती चहा आणि गूळ चोळलेला असतो. सोबत शेंगदाण्याची चटणी.

खरं काम होतं बेलाचानचं. बेलाचान म्हणजे जवळ्याला मीठ लावून, कुटून, वाळवून, मुरवून केलेली वडी. तिथल्या बहुतेक तिखट चटण्यांत ती असते. विकतची मिळवण्याऐवजी बायकोने स्वतःच केली, कारण तिथला जवळा आणि चौकचा जवळा यांत तिला काही फरक दिसत नव्हता. जवळा तिच्या आईने दिला. सासूबाईंनी आयुष्यभर मासळी सुकवली आणि विकली. लेक सुकलेल्या जवळ्याला पुन्हा पाणी मारून कुटतेय, बरणीत दाबतेय, हे त्यांनी दोन महिने पाहिलं.

“सुकट ती सुकट,” त्या म्हणायच्या. “बरी वालली हाय तर आनखी सडवायची कशाला गो?”

बेलाचान वापरण्याआधी भाजावी लागते. तो वास आमच्या मजल्यावर उठला असता तर पार्टी त्याच दिवशी संपली असती. म्हणून शनिवारी आम्ही बस पकडून चौकला गेलो आणि सासूबाईंच्या अंगणात चुलीवर वड्या भाजल्या. तिथे शेजारच्या अंगणात बोंबील वाळत होते. वासाबद्दल कोणी विचारलं नाही. येताना सासूबाई आमच्यासोबत आल्या. त्यांच्या पिशवीत दोन साड्या आणि कुटलेल्या जवळ्याचा एक डबा होता.

शाकाहारी लक्सा हा बायकोचा मुख्य पदार्थ होता, आणि तोच तिला सगळ्यात अवघड गेला. लक्सा म्हणजे नारळाच्या दुधातला तिखट रस्सा आणि त्यात तांदळाच्या शेवया. त्याच्या वाटणात कांदा, लसूण, आल्यासारखं कुलिंजन आणि बेलाचान असते. चारही गोष्टी शेठना वर्ज्य. तिने तीन आठवडे वेगवेगळी वाटणं करून पाहिली. शेवटी सुक्या मिरच्या, धणे, काजू, वाळवलेली म्हणून चालणारी सुंठ आणि हळद, आणि भरपूर गवती चहा यांवर ती थांबली. ते वाटण तिने स्टीलच्या डब्यात फ्रिजमध्ये ठेवलं होतं. रविवारी दुपारी त्यातल्या निम्म्या वाटणाचा रस्सा झाला. पातेलं मागच्या शेगडीवर, झाकण घालून, बाकी सगळ्यापासून लांब.

“आई,” तिने सांगितलं, “हे शेठचं. यात मासळी पडता कामा नये. कुणाचा चमचासुद्धा नाही.”

“मी हाय ना,” सासूबाई म्हणाल्या आणि स्टूल ओढून पातेल्याशेजारी बसल्या.

त्यांनी राखण चोख केली. मित्र बर्फ घ्यायला आत आला तेव्हा त्याच्या हातात साट्याची काडी होती. त्यांनी त्याला दारातच अडवलं.

“त्ये घिऊन हिकडं येव नको.”

“मावशी, फक्त बर्फ.”

“काडी भायेर ठेव, मंग बर्फ.”

शेठ आणि भागीदार वेळेच्या आधी आले. शेठ पांढऱ्या शर्टात, बारीक चणीचे, पन्नाशीचे. भागीदार उंच, दाढीवाले, मोठ्याने हसणारे. दोघे वीस वर्षांचे मित्र आहेत हे त्यांच्या बोलण्यावरूनच कळत होतं. शेठनी खिडकीजवळची खुर्ची घेतली. आमच्या खिडकीसमोर दोन टॉवर आहेत आणि त्यांच्यामधल्या फटीतून संध्याकाळी सूर्य दिसतो. शेठनी आधी ती फट पाहिली, मग खोली.

“तिकडची जीभ याची,” भागीदाराकडे बोट करून ते म्हणाले. “इकडची माझी. दोन्ही जिभा हो म्हणाल्या तर गाळा तुमचा.”

“और मेरी जीभ को भूख लगी है,” भागीदार म्हणाले.

पाच वाजेपर्यंत घर भरलं. गॅलरीत एका कोपऱ्यात कोळशाची शेगडी, दुसऱ्यात बार. काड्यांवर फिरवलेलं नारळाचं दूध निखाऱ्यावर टपकलं की धूर उठायचा आणि दिवाणखान्यात यायचा. बायकोने सगळ्या खुर्च्या आतल्या खोलीत नेऊन ठेवल्या होत्या, शेठची एक सोडून. त्यामुळे माणसं उभी होती, एकमेकांना ढोसत होती, हातातल्या काड्या सांभाळत होती. बोराचं जिन पहिल्या अर्ध्या तासातच दुसऱ्यांदा घोटावं लागलं. माझ्या ऑफिसातला एक सहकारी, जो कधी मोठ्याने बोलत नाही, तो साटे भाजायला उभा राहिला आणि ओरडू लागला, “गरम गरम! कोण घेतंय?” त्याला असं करायला कोणी सांगितलं नव्हतं.

समोरच्या फ्लॅटमधल्या मारवाडी काकींनी दार उघडलं.

“आज काय जाळताय?”

“खोबरं, काकी,” बायको म्हणाली. “या ना.”

“माझं खोबरं असं ओरडत नाही.” पण त्या आल्या. उंबऱ्याच्या बाहेर खुर्ची टाकून बसल्या आणि गुलाबाचं दूध घेतलं. मग अजून एक घेतलं.

भागीदारांनी साटे खाल्ले, बेलाचानची चटणी खाल्ली, चटणी पुन्हा मागितली आणि शेठकडे वळून म्हणाले, “मेरी तरफ से तो हो गया. अब आप घास-फूस देखो.”

शेठ हसले नाहीत. “आणा बेन,” ते म्हणाले. सूर्य टॉवरांच्या फटीत आला होता.

बायको आत गेली. मी तिच्या मागे वाट्या घेऊन गेलो. तिने झाकण काढलं, वाटीत शेवया ठेवल्या, वर पळीभर रस्सा ओतला आणि तिथेच थांबली. वाटी नाकाजवळ नेली. पळी पुन्हा पातेल्यात बुडवली आणि थेंब तळहातावर घेऊन चाखला.

“आई, यात काय घातलंस?”

सासूबाईंनी मान वर केली. “चव घातली. पान्यावानी लागत होता गो. शेठला काय नुसतं नारलाचं पानी देशील?”

“आई, मासळी घालू नकोस म्हटलं होतं ना?”

“मासली कुठं घातली? जवला घातला. कुटून. मूठभर.”

“जवळा म्हणजे मासळीच ना?”

“जवला?” सासूबाईंच्या आवाजात आश्चर्य होतं. “जवला मासली कवापासून झाला? भोपल्यात घालत न्हाय? वांग्यात घालत न्हाय? तू ल्हानपनी खायाची त्या भाजीत काय होता?”

यात त्यांनी काही लपवलं नव्हतं. त्यांच्या घरात मासळी म्हणजे पापलेट, सुरमई, घोळ, ज्याला सुरी लागते ते. जवळा मीठ-हळदीच्या रांगेत असतो. पातेल्यात मासळी पडू नये म्हणून त्या दुपारपासून बसल्या होत्या, आणि मासळी पडू दिली नव्हती.

बायकोने वाटी ओट्यावर ठेवली. मग तिने विचारलं, “फळांना हात लावलास?”

“फलांत कोन जवला घालील? येडी हाय का मी?”

बायकोला हसू आलं. फळांचं रोजाक नावाचं कोशिंबिरीसारखं काहीतरी तिने केलं होतं: पेरू, अननस, काकडी, वर चिंचगुळाचा तिखट पाक आणि शेंगदाणे. पिनांगमध्ये त्याच्या पाकात बेलाचान असतेच. शेठसाठी तिने ती काढली होती.

“तिकडे घालतात, आई.”

“मंग त्ये येडे.”

ती वाटी घेऊन बाहेर गेली नाही. रिकाम्या हाताने गेली. शेठच्या खुर्चीसमोर उभी राहिली. जवळच्या लोकांना वाटलं ती काही भाषण करणार आहे, म्हणून ते गप्प झाले. मग बाकीचेही झाले. गॅलरीत मित्राचा शेकर थांबला.

“शेठ, लक्सा तुम्हाला देता येणार नाही,” ती म्हणाली. “त्यात सुका जवळा पडलाय. म्हणजे सुकी मासळी. चुकून पडलाय. बाकी फळं चालतील. त्यांत काही नाही.”

भागीदारांच्या हातातली काडी तशीच राहिली. शेठनी तिच्याकडे पाहिलं, मग खिडकीकडे. सूर्य फटीत बराच खाली उतरला होता.

“दुसरा होईल?” त्यांनी विचारलं.

“वाटण आहे. फ्रिजमध्ये वेगळं ठेवलंय, त्याला कोणी हात लावला नाही. पण माझ्या घरातलं भांडं आता मी तुम्हाला देणार नाही.”

“मग?”

बायकोने दाराकडे पाहिलं. उंबऱ्याबाहेर काकी गुलाबाच्या दुधाचा ग्लास घेऊन बसल्या होत्या. त्यांनी सगळं ऐकलं होतं.

“काकी, तुमची कढई द्याल?”

“कढई नाही,” काकी म्हणाल्या. सगळे त्यांच्याकडे बघत होते. “कढई तुझ्या घरात गेली तर माझ्या घरात परत येणार नाही. तू माझ्या घरात ये. हात धू. कोपरापर्यंत. पाय पण. आणि तो ॲप्रन काढ, त्याला चिकन आहे.”

“मला बघायचंय,” शेठ उठत म्हणाले. “माझ्यासमोर करा.”

पुढचं सगळं जवळजवळ एकदमच घडलं. बायकोने ॲप्रन काढून माझ्या हातात दिला, फ्रिजमधला स्टीलचा डबा, गवती चहाच्या काड्या, नारळाच्या दुधाची आणि शेवयांची न उघडलेली पाकिटं घेतली, पॅसेज ओलांडला. तिच्यामागे शेठ. शेठच्या मागे भागीदार. त्यांच्यामागे पार्टी. काकींच्या दाराशी काकींनी हात आडवा केला.

“दारूचे ग्लास आत नाही. काड्या पण नाही.”

त्यामुळे आत शेठच गेले. बाकी सगळे पॅसेजमध्ये दाटीने उभे राहिले, हातात ग्लास घेऊन, टाचा उंच करून. काकींचं स्वयंपाकघर दारासमोरच आहे, पॅसेजमधून सरळ दिसतं. लिफ्ट आली, दार उघडलं, वरच्या मजल्यावरच्या एका गृहस्थांनी ती गर्दी पाहिली.

“काय झालं? कोण गेलं?”

“लक्सा होतोय,” माझा सहकारी म्हणाला.

गृहस्थ लिफ्टमधून बाहेर आले आणि गर्दीत उभे राहिले.

काकींच्या कढईत तेल तापलं. वाटण पडलं तसा मिरचीचा ठसका थेट पॅसेजमध्ये आला आणि सगळे खोकले; शेठही खोकले. एका हाताने बायको वाटण परतत होती, दुसऱ्या हाताने काकींच्या बत्त्याने गवती चहाच्या काड्या ठेचत होती. तेल सुटलं. दूध ओतलं. चिंचेचं पाणी, चिमूटभर गूळ. काकींनी न मागता फ्रिजमधून पनीर काढून दिलं. तिने त्याचे तुकडे करून कढईच्या कडेला लाल केले. शेवया काकींच्या पातेल्यातल्या कढत पाण्यात मऊ होत होत्या. पॅसेजमधून भागीदारांचा आवाज आला, “शेठ, सूरज कितना बचा?”

काकींच्या खिडकीतून सूर्य दिसत नव्हता. आमच्या घरात खिडकीशी सासूबाई उभ्या होत्या. त्यांनी तिथून ओरडून सांगितलं, “हाय! अजून अर्दा हाय!”

मग पॅसेजमधल्या लोकांनी ते आत कळवायला सुरुवात केली. “अर्धा आहे!” “पाव राहिला!” कोणीतरी टाळ्या वाजवू लागलं. माझ्या सहकाऱ्याने पुन्हा आरोळी ठोकली, “गरम गरम!”

बायकोने काकींच्या स्टीलच्या वाटीत शेवया घातल्या, पनीर ठेवलं, वरून रस्सा ओतला, पुदिना टाकला आणि वाटी शेठच्या हातात दिली. ते तिथेच उभे राहून खाऊ लागले. खुर्ची कोणी दिली नाही, त्यांनी मागितली नाही. पहिला घास त्यांनी सावकाश चावला. दुसऱ्यानंतर म्हणाले, “मिरची अजून चालेल.” तिने लाल तेल वरून सोडलं. त्यांनी वाटी संपवली, रस्सा पिऊन टाकला आणि काकींकडे पाणी मागितलं. पाणी पिऊन ग्लास खाली ठेवत होते तेव्हा सासूबाईंचा आवाज आला, “गेला!”

पॅसेजमध्ये जो आवाज झाला तो ऐकून खालच्या मजल्यावरचे दोघे जिना चढून वर आले.

शेठनी हात धुतले. मग बायकोला विचारलं, “एक सांगा. तुम्ही बोलला नसता तर मला कळलं असतं?”

“नाही,” ती म्हणाली. “कुटून घातला होता. तुम्ही याआधी कधी खाल्लेला नाही. तुम्हाला वाटलं असतं, मलेशियाची चव अशीच असते.”

“हं,” शेठ म्हणाले.

दाराशी सासूबाई आल्या होत्या. शेठना त्यांनी हात जोडले. “शेठ, मी घातला. पोरीन न्हाय. मला वाटला, तुमाला चव यावी.”

“माँजी,” शेठ म्हणाले, “तुम्ही प्रेमाने घातला. पण आमच्याकडे प्रेमाला पण नियम असतो.”

“आमच्याकडं न्हाय,” सासूबाई म्हणाल्या. शेठ त्या संध्याकाळी तेव्हा पहिल्यांदा हसले.

त्यांनी होकार दिला नाही. नकारही दिला नाही. भागीदार जाताना चटणीची वाटी रुमालात गुंडाळून घेऊन गेले आणि म्हणाले, “फोन करेंगे.”

पार्टी त्यानंतरही चालली. जवळा पडलेलं पातेलं दिवाणखान्यात आणलं. त्याची खरी चव तेव्हा सगळ्यांना कळली. ते बेलाचानच्या चटणीआधी संपलं. सासूबाईंना मित्राने बोराचं जिन दिलं.

“मावशी, सांभाळून. हे लिंबूपाणी नाही.”

“मला शिकवतो? तुज्या बापाला माडी कुनी पाजली, इचार त्याला.”

त्यांनी दोन घेतली. दुसऱ्यात त्यांनी मीठ जास्त मागितलं. काकी आपल्या दारातून म्हणाल्या, माझ्या कढईत तिने केलेलं थोडं उरलंय, ते मी ठेवतेय, कोणी मागू नका.

बायकोने त्या रात्री भांडी घासली नाहीत, मला घासू दिली नाहीत. गॅलरीत शेगडीशेजारी बसली आणि ताडगुळाची रम घेऊन मित्राशी पिनांगच्या गाड्यांबद्दल बोलत राहिली. कुठल्या गाडीवर कोण हाताने शेवया झटकायचा, कोण कढईवर पळी आपटून गिऱ्हाईक बोलवायचा. तिचा आवाज चढत होता. मध्येच थांबून तिने मला विचारलं, “नाही म्हणतील का रे?” मी म्हटलं, माहीत नाही. ती पुन्हा त्या पळीकडे वळली.

मंगळवारी सकाळी फोन आला. शेठ बोलले. भागीदाराचा होकार त्यांनी आधी सांगितला. मग त्यांचे मुद्दे. गाळ्यात दोन शेगड्या, दोन कढया, दोन पळ्या, मध्ये काचेची भिंत. जैन बाजूचं सगळं गिऱ्हाइकासमोर शिजेल, मागून काही येणार नाही. रविवारी काकींच्या घरात ज्या क्रमाने केलं त्याच क्रमाने. आणि माँजी आल्या तर स्वागत आहे. पण काचेच्या पलीकडे, भागीदाराच्या बाजूला.

“म्हणजे हो?” बायकोने विचारलं.

“बेन, मी काचेच्या भिंतीचं माप देतोय,” शेठ म्हणाले. “हो असल्याशिवाय माप कोण देतं?”

तिने फोन ठेवला आणि आधी समोरचं दार वाजवलं, मग चौकला फोन लावला. सासूबाईंनी सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, काच किती उंच हाय.

जानेवारीतल्या एका शनिवारी गाळ्याचं शटर वर गेलं. सासूबाई साट्यांच्या बाजूला उभ्या होत्या. काकी शाकाहारी बाजूच्या पहिल्या गिऱ्हाईक होत्या. उन्हं असेपर्यंत जैन लक्साची कढई तीनदा भरली गेली. तिसरी रिकामी झाली तेव्हा रांगेत अजून माणसं होती आणि बायको चौथीसाठी गवती चहा ठेचत होती.